फोटोच्या मागे नाव लिहा

सदर : पडद्यावरून घरात

या सदराची पद्धत जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. एखादा चित्रपट किंवा माहितीपट घ्यायचा, त्यातली गोष्ट थोडी सांगायची आणि मग ती आपल्या आखाती घरात आणून बसवायची. यंदा विषय घेतला आहे फोटो स्टुडिओचा. परमुलखात जाऊन फोटोचं दुकान थाटणारं कुटुंब आणि त्या दुकानावर निघालेला माहितीपट.

हमद टाउनमध्ये राहणाऱ्याला या विषयाचं अगत्य वाटणं साहजिक आहे. इथे पत्ता सांगायचा म्हणजे आधी दुवारचा नंबर सांगायचा, आणि कुठल्याही दुवारपासून जवळ एक फोटोवाला असतोच. आपलं निम्मं आयुष्य कागदपत्रांत जातं. भारतीय पासपोर्टच्या अर्जाला २०२५ पर्यंत दोन इंच बाय दोन इंच लागायचा, पांढरी पार्श्वभूमी. कॅनडाच्या व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटर. शाळेच्या अर्जाला आणखी वेगळा. ही सगळी मापं त्या दुकानदाराला तोंडपाठ असतात. तो केरळचा असतो, बांगलादेशी असतो, कधी पाकिस्तानी, कधी आपल्या कोकणातलाही. आपण खुर्चीत बसतो, तो हनुवटी जरा खाली घ्यायला सांगतो, दहा मिनिटांत आठ प्रती कापून पाकिटात घालून देतो. आपण पैसे देतो आणि निघतो. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. पण त्याच्या संगणकात आपण दर दोन-चार वर्षांनी एकदा असतो. आलो तेव्हाचे काळे केस, मग चष्मा, मग मांडीवर धरलेलं बाळ, मग तेच बाळ मिसरूड फुटलेलं. आपल्या कुटुंबाचा असा क्रमवार इतिहास दुसऱ्या कोणाकडेही नसेल.

अशा दुकानदारांवर जगात ठिकठिकाणी काम झालं आहे. आपल्या आखातात मात्र ते फार कमी झालं. असं का, हे शोधताना मला एक गोष्ट लक्षात आली, ती आज तुमच्यापुढे मांडते. आधी ज्या माहितीपटामुळे हे सुचलं, त्याच्याकडे वळू.

लेबनॉनमध्ये समुद्रकाठी सैदा नावाचं जुनं बंदराचं शहर आहे. तिथे हाशेम अल मदनी यांचा 'स्टुडिओ शहरजाद' होता. अक्रम झातरी या लेबनीज दिग्दर्शकाने या स्टुडिओवर कित्येक वर्षं काम केलं आणि २०१५ मध्ये 'ट्वेंटी एट नाइट्स अँड अ पोएम' हा माहितीपट केला. मदनी हे आडनावच सांगतं की घराणं मदिनेचं. हाशेम यांचे वडील मदिनेहून सैद्याला आले आणि तिथलेच झाले. हाशेम स्वतः तरुणपणी, १९४७ मध्ये, कामाच्या शोधात हैफाला गेले. तिथे युरोपातून आलेल्या एका ज्यू छायाचित्रकाराकडे मदतनीस म्हणून राहिले आणि धंदा शिकले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं, म्हणून ते सैद्याला परतले. सुरुवातीला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीतच फोटो काढायचे. १९५३ मध्ये स्वतःचा स्टुडिओ झाला. म्हणजे एका स्थलांतरिताचा मुलगा दुसऱ्या स्थलांतरिताच्या हाताखाली शिकतो आणि त्यातून एका गावाचा फोटोवाला तयार होतो. शहरातल्या बहुतेक माणसांचे फोटो आपण काढले आहेत, असं ते अभिमानाने सांगत.

मदनींच्या स्टुडिओत लोक नुसते फोटो काढायला येत नसत. सिनेमात पाहिलेलं एकदा स्वतः होऊन बघायला येत. कोणी डोक्यावर काउबॉयची टोपी चढवून, हातात पिस्तूल धरून उभा राहिला. कोणी कोडॅक कंपनीच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईच्या खांद्यावर हात टाकला, कारण खऱ्या बाईबरोबर तसं उभं राहणं त्या गावात शक्य नव्हतं. आपल्याकडच्या जत्रेत मोटारीच्या किंवा विमानाच्या कटआउटमध्ये तोंड खुपसून फोटो काढून घेणारी माणसं यापेक्षा वेगळी नव्हती. मुंबईच्या चौपाटीवरचे फोटो आठवा. हौस सगळीकडे सारखीच.

मदनींनी सांगितलेली एक गोष्ट मात्र हौसेची नाही. १९५७ सालची. एक बाई नवऱ्याला न सांगता स्टुडिओत येऊन फोटो काढून गेली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो संतापून आला आणि निगेटिव्ह मागू लागला. मदनींनी निगेटिव्ह द्यायला नकार दिला, कारण त्याच फिल्मवर दुसऱ्यांचेही फोटो होते. शेवटी तडजोड अशी झाली की मदनींनी त्याच्यासमोर तिच्या फोटोंवर टाचणीने ओरखडे काढायचे. त्यांनी ते काढले. पुढे काही वर्षांनी त्या बाईने जाळून घेतलं आणि ती गेली. मग तोच नवरा पुन्हा स्टुडिओत आला. ओरखडलेले का होईनात, ते फोटो मोठे करून मिळतील का, असं विचारायला.

ही गोष्ट ऐकल्यावर फोटो स्टुडिओकडे नुसतं दुकान म्हणून बघणं मला जमत नाही. निगेटिव्हचा तो डबा म्हणजे गावाचं एक दफ्तर असतं. तलाठ्याकडे जमिनीची नोंद असते, फोटोवाल्याकडे माणसांची. आणि ती नोंद कोणाची, ग्राहकाची, नवऱ्याची की दुकानदाराची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो थोडा बाजूला ठेवू, कारण शेवटी त्याच्याकडे परत यावं लागणार आहे.

आता आपल्या माणसांकडे येऊ. परमुलखात फोटोचं दुकान काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्र्यंबकेश्वरचा हा माणूस गुजरातेत गोध्र्याला फोटोचा धंदा करत होता. तिथल्या प्लेगमध्ये त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. मग बडोद्यात दुकान काढलं, तर लोकांत समज असा की कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं. धंदा काही चालला नाही. भारतीय चित्रपटाच्या जनकाला फोटो स्टुडिओ चालवता आला नाही, हे वाचून आपल्यापैकी धंद्यात बसलेल्यांना थोडा धीर यावा.

समुद्रापलीकडे गेलेले त्याहूनही आधीचे. गोव्याचे ए. सी. गोम्स १८६८ च्या सुमारास झांझिबारमध्ये फोटो काढत होते. पुढे त्यांच्या मुलाने तो धंदा चालवला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोस्टकार्डांवर गोवेकर छायाचित्रकारांची नावं वारंवार दिसतात. याच गोम्स स्टुडिओत काम शिकलेले रणछोड ओझा यांनी १९३० मध्ये झांझिबारच्या दगडी गावात 'कॅपिटल आर्ट स्टुडिओ' काढला. त्यांनी सुलतानाच्या काळातले समारंभ टिपले, गल्ल्या टिपल्या, गलबतं टिपली, आणि अर्थातच माणसं टिपली. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. हजारो भारतीय आणि अरब कुटुंबं मिळेल त्या वाटेने निघून गेली. ओझा राहिले. त्यांच्यानंतर मुलगा रोहित याने स्टुडिओ सांभाळला. जे गेले त्यांची मुलंनातवंडं कधी झांझिबार बघायला आली तर आजी-आजोबांचा चेहरा शोधायला याच दुकानाचा उंबरठा होता. एक कुटुंब मागे राहिलं म्हणून कितीतरी कुटुंबांची आठवण मागे राहिली.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची गोष्टही अशीच. गुजरातमधले मगनभाई पटेल हे शाळामास्तर. १९५१ मध्ये तिथे गेले आणि कारखान्यात लागले. कॅमेऱ्याचा नाद होता. बरोबरचे कामगार म्हणू लागले, मास्तरजी, एक फोटो काढून द्या, घरी पाठवायचा आहे. असं करता करता १९६९ मध्ये त्यांनी 'मास्टर्स आर्ट स्टुडिओ' उघडला. त्यांचे फोटो बघितले की आपल्याला हसूही येतं आणि गलबलूनही येतं. कडक इस्त्रीचा सूट, केसांना तेल, नजर थेट कॅमेऱ्यात. रात्रपाळी करून आलेला माणूस इथे साहेबासारखा उभा आहे, कारण फोटो जिथे जाणार आहे तिथे त्याचा थकवा पोचायला नको. मास्तरजींच्या कामाचं पहिलं मोठं प्रदर्शन २०१६ मध्ये झालं, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांची मुलगी तरला हिने ते फोटो जपले, लोकांपुढे आणले. प्रदर्शनाला येणारी माणसं भिंतीवरच्या फोटोंत आपले आईवडील ओळखत होती.

आणि आता आपल्या शेजारी, दुबईला. मुंबईचे रमेश शुक्ला १९६५ मध्ये शारजाला उतरले. त्याच वर्षी आपल्या बहरीनमध्ये रुपया जाऊन दिनार आला, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल. अमिराती नावाचा देश तेव्हा जन्मायचा होता. शुक्ला यांच्याजवळ एक रोलायकॉर्ड कॅमेरा होता. उंटांच्या शर्यतीत त्यांनी शेख झायेद यांचा फोटो काढला, धुऊन छापून त्यांच्यापुढे नेला, आणि शेखसाहेबांनी त्यावर सही केली. २ डिसेंबर १९७१ रोजी दुबईत संयुक्त अरब अमिरातींची स्थापना झाली, त्या दिवशीही शुक्ला कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. झेंड्याखाली उभ्या असलेल्या राज्यकर्त्यांचा त्यांचा फोटो पुढे त्या देशाच्या राष्ट्रीय दिनाची ओळखच बनला. दुबईला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो कुठे ना कुठे पाहिला असेल. पण तो एका मुंबईकराने काढला आहे, हे किती जणांना माहीत असेल?

शुक्लांच्या गोष्टीत मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांची पत्नी तरू. घरातच डार्करूम, आणि तिथलं काम त्यांच्याही हातचं. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, वाळवणं. त्या काळी आखातात उन्हाळ्यात नळाचं पाणीच कढत यायचं. फिल्म धुवायच्या रसायनाचं तापमान थोडं वरखाली झालं तरी फोटोचा बोऱ्या वाजतो, हे ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. बाहेर जगासमोर कॅमेरा धरलेला नवरा आणि आत लाल दिव्याच्या उजेडात तो फोटो कागदावर उमटवणारी बायको. फोटोच्या धंद्याला 'कौटुंबिक धंदा' म्हणतात तो असा. दुकानाच्या पाटीवर नाव एकाचं असतं. फोटो कापणारी, अल्बमला कोपरे चिकटवणारी, गिऱ्हाइकाच्या रडक्या बाळाला खुळखुळा वाजवून हसवणारी माणसं पाटीवर नसतात. आपल्या मंडळातही ज्यांच्या घरी छोटा धंदा आहे त्या वहिनींना हे वाचताना दुसऱ्या कोणाचं उदाहरण द्यायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. झांझिबारला, कॉव्हेंट्रीला, सैद्याला जे झालं ते आपल्याकडे का दिसत नाही? बहरीनमध्ये भारतीयांनी फोटोची दुकानं काढली नाहीत असं थोडंच आहे? मनामाच्या सूकमध्ये जुन्या लोकांना विचारा, ते बोट दाखवून सांगतील, इथे अमक्याचा स्टुडिओ होता, आमच्या लग्नानंतरचा पहिला फोटो तिथला.

मला याचं उत्तर अगदी साधं वाटतं. त्या तिन्ही ठिकाणी दुसरी पिढी तिथेच राहिली. रोहित ओझा झांझिबारला राहिला, तरला पटेल इंग्लंडची नागरिक, हाशेम मदनी सैद्याचेच. आपल्या आखातात बाप दुकान चालवतो तो परवान्यावर आणि रेसिडेन्सीवर. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत पुण्याला इंजिनीअरिंगला तरी जातो, नाहीतर टोरांटोला. तो परत येऊन वडिलांच्या गल्ल्यावर बसत नाही, आणि बसावं असं वडिलांनाही वाटत नाही, कारण तो तिथे जावा म्हणूनच तर हे दुकान चालवलं. मग एक दिवस परवान्याचं नूतनीकरण करायचं नाही असं ठरतं. कॅमेरे विकले जातात. मागचे पडदे, छत्र्या, दिवे कोणी घेऊन जातं. सामानाचं वजन करून विमानाची तिकिटं निघतात. त्या वजनात निगेटिव्हचे डबे बसत नाहीत.

माझ्या माहितीतलं असंच एक दुकान काही वर्षांपूर्वी बंद झालं. नाव लिहीत नाही, कारण त्या काकांना ते आवडणार नाही. आपल्या मंडळातल्या कितीतरी बारशांचे आणि मुंजींचे फोटो त्यांच्याकडे होते. जाताना काकांनी ओळखीच्या घरांना फोन केले, की तुमच्या निगेटिव्ह घेऊन जा. थोडे लोक गेले. बहुतेकांनी म्हटलं, "अहो काका, आता निगेटिव्ह घेऊन करायचंय काय? सगळं मोबाइलमध्ये आहे की." जे मोबाइलमध्ये होतं ते नंतरचं होतं. आधीचं त्या डब्यांत होतं. उरलेलं त्यांनी स्वतः कात्रीने कापून टाकलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, लोकांच्या बायकामुलींचे फोटो आहेत, कचऱ्यातून कुणाच्या हाती लागायला नकोत.

मला त्यांचं म्हणणं पटतं. मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. निगेटिव्ह दुकानात असली तरी चेहरा गिऱ्हाइकाचा असतो. सैद्याच्या त्या बाईचं काय झालं ते आपण पाहिलं. ज्या देशात आपण राहतो तिथे कितीतरी घरांमध्ये बायकांचे फोटो घराबाहेर जात नाहीत. तेव्हा जुने डबे मिळाले की सगळे उचलून इंटरनेटवर टाकू, हा उत्साह बरा नव्हे. काकांनी केलं ते जबाबदारीनेच केलं. फोन आला तेव्हा आपण गेलो नाही, ही चूक आपली.

पण सगळं गेलेलं नाही. आखातातल्या फोटोंची एक गंमत आहे. निगेटिव्ह इथे राहिली, पण प्रिंट इथे कधी राहिलीच नाही. ती गावी गेली. 'द्वारका' बोट मुंबईहून आखातात यायची ती १९८२ पर्यंत. त्या काळात आलेले आपले काका-मामा वर्षानुवर्षं एकटे राहिले. फोन महाग, पत्राला आठवडे लागायचे. त्या पत्रात फोटो असायचा. दुसऱ्याच्या मोटारीला टेकून काढलेला, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन काढलेला, गॉगल लावून काढलेला. कॉव्हेंट्रीच्या कामगाराने सूट घातला, आपल्या माणसाने गॉगल घातला, एवढाच फरक. तो फोटो चिपळूणला, सावंतवाडीला, साताऱ्याला, अकोल्याला पोचला. आजीने तो देव्हाऱ्याशेजारी लावला, मग कधीतरी ट्रंकेत गेला. म्हणजे बहरीनमधल्या मराठी माणसाचं जे दफ्तर इथे सापडत नाही, ते महाराष्ट्रातल्या माळ्यांवर आणि कपाटांत पडून आहे. हा अंक भारतात वाचणाऱ्या नातेवाइकांनो, हे विशेष करून तुम्हाला सांगते आहे. आमचा इतिहास तुमच्याकडे आहे.

तो किती दिवस टिकेल हा प्रश्न आहे. सत्तरच्या दशकातले बरेच रंगीत फोटो अंधाऱ्या डब्यात असूनही लाल पडत जातात, कारण त्या कागदातला निळसर रंग सगळ्यात आधी उडतो. ऐंशीच्या दशकात आपण हौसेने घेतलेले चिकट पानांचे 'मॅग्नेटिक' अल्बम त्याहून वाईट. त्या गोंदाने फोटोच्या पाठीवर पट्टे उमटतात आणि पुढे फोटो निघतच नाही. निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर समजा, ती फिल्म कुजायला लागली आहे. दमट हवेत आणि उष्णतेत ही क्रिया वेगाने होते. कोकणाला हे सांगायला नको, बहरीनच्या ऑगस्टलाही नको.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एवढं करा. चिकट अल्बममधले फोटो सहज निघत असतील तर काढून कागदी पाकिटांत ठेवा. निघत नसतील तर ओढू नका, अल्बमच्या पानाचाच फोटो घ्या. स्कॅनर असेल तर उत्तमच, नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाइल सरळ वर धरून फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलात तर तो लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा किंवा ईमेल करा. आणि मूळ फोटो टाकून देऊ नका. निगेटिव्ह तर मुळीच नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे नाव लिहा. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि त्याच पाकिटात ठेवा. कोण, कुठे, साधारण कोणत्या साली. 'बाबा आणि मित्र' एवढ्याने भागत नाही. तो मित्र कोण? तोही कुणाचा तरी बाबा होता. हे काम आजी-आजोबा आहेत तोवरच होतं. ते गेल्यावर फोटो राहतो आणि माणूस हरवतो.

आमच्या हमद टाउनच्या आसपास दिल्मुन काळातल्या थडग्यांच्या टेकड्या आहेत. मंडळातली मुलं शाळेच्या सहलीत त्या बघून आली आहेत. इसवी सनापूर्वी २२०० ते १७५० या काळातल्या. २०१९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा एकूण संख्या ११,७७४ दिली होती. इतक्या मोठ्या कष्टाने माती रचून आपल्या माणसांना निरोप देणाऱ्यांना त्यांची नावं नक्कीच माहीत होती. आपल्याला त्यातल्या बहुतेकांपैकी एकाचंही माहीत नाही. त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, पेन्सिल नव्हती. आपल्याजवळ दोन्ही आहे.

आता उरला माहितीपट. कोणी मोठा दिग्दर्शक येईल आणि बहरीनमधल्या भारतीय फोटोवाल्यांवर चित्रपट काढेल, याची वाट बघायची गरज नाही. आपल्या तरुण मंडळींकडे आज हातात जो कॅमेरा आहे तो शुक्लांच्या रोलायकॉर्डपेक्षा किती सोयीचा! त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी पासपोर्टचा फोटो काढायला जाल तेव्हा त्या दहा मिनिटांत मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका. दुकानदाराला विचारा, काका किंवा भाईसाहेब, तुम्ही कधी आलात? हे काम कुणाकडे शिकलात? पहिला कॅमेरा कोणता? रोल कुठे धुवायला जायचा? दुकानात घरचं कोण मदत करायचं? त्यांची हरकत नसेल तर आवाज टिपून घ्या. दुकान बंद होणार असेल तर तुमच्या घरच्या निगेटिव्ह मागून घ्या, फक्त तुमच्या. दुसऱ्या घरांना फोन करायला त्यांना मदत करा. असे पाच-सात आवाज जमले तरी पुष्कळ. तुमच्याकडे नावासकट, सालासकट आखातातला एखादा जुना फोटो सापडला आणि घरच्यांची हरकत नसेल, तर मंडळाकडे जरूर पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात या सदराची दोन पानं त्यांच्यासाठी ठेवू.

यंदाच्या दिवाळी स्नेहसंमेलनात नेहमीप्रमाणे सगळ्यांचा एकत्र फोटो निघेल. फराळाची ताटं बाजूला सारून, उंच मागे, बुटके पुढे, मुलं खाली बसलेली. दरवर्षी तो फोटो ग्रुपवर येतो, शंभर अंगठे मिळतात आणि खाली वाहून जातो. या वर्षी त्याच्या दोन प्रती छापून घेऊ या. एक मंडळाच्या कपाटात राहील, एक कोणाच्या तरी गावी जाईल. मागे सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे लिहू. आणि सगळ्यात खाली, जो त्या फोटोत दिसत नाही त्याचं, म्हणजे फोटो काढणाऱ्याचंही नाव लिहू.